खरं म्हणजे पण

मी काय शिकवते हे कोल्हापुरात कुणाला सांगायचं म्हणजे एक कामच होऊन बसतं. ‘तत्त्वज्ञान’ म्हटलं की समोरचा आधी हात जोडतो आणि मग विचारतो, “म्हंजे प्रवचन करता व्हय?” एका रिक्षावाल्यानं तर आरशातून माझ्याकडं बघत फार काळजीनं विचारलं होतं, “ताई, घरात सगळं बरं हाय न्हवं?” माझ्या नणंदेच्या सासरी मी पत्रिका बघते असा बोभाटा झालाय. तो खोडून काढायचा नाद मी आता सोडून दिलाय. लग्नकार्यात निदान पुढची खुर्ची तरी मिळते.

शिकवते अकरावी-बारावीच्या कला शाखेला, आणि तेही तासिका तत्त्वावर. म्हणजे तासापुरतं बोलावणार आणि गरज सरली की नमस्कार. “बाई तत्त्वज्ञान शिकवतात आणि शिकवतातही तत्त्वावर,” हा विनोद आमचे मराठीचे सर दर जूनमध्ये करतात. दर जूनमध्ये मी हसते, कारण स्टाफरूममधली पंख्याखालची जागा त्यांच्या शेजारी आहे.

माझ्या वर्गात पोरं काही हौसेनं येत नाहीत. कुणाला भूगोल मिळालेला नसतो, कुणाला कुणीतरी सांगितलेलं असतं की ह्या विषयाला पाठांतर नाही. एक पैलवान गडी होता. पहाटे तालमीत मेहनत करून यायचा आणि शेवटच्या बाकावर बसून निवांत डुलायचा. त्याला मी विचारलं, “बाबा, हा विषय का घेतलास?” तर म्हणाला, “मॅडम, दुपारचा तास हाय. झोप बेस लागती.” खोटं बोलला नाही बिचारा. मी त्याला खिडकीकडची जागा दिली.

आता ‘खरं’बद्दल सांगितलं पाहिजे, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. मी कसबा बावड्याची. आमच्याकडं ‘खरं’ ह्या शब्दाचा अर्थ ‘पण’ असा होतो. “आलो असतो खरं गाडी पंक्चर झाली.” “पोरगा चांगला हाय खरं कामाला न्हाय.” जन्मापासून हेच बोलत आल्यानं त्यात काही वेगळं आहे असं कधी वाटलंच नव्हतं. एम.ए.ला पुण्याला गेले तेव्हा पहिल्याच आठवड्यात सरांनी विचारलं, “नेमलेलं प्रकरण वाचलंत का?” मी उठून म्हणाले, “वाचलंय सर, खरं कळलं नाही.” सर खुर्चीतून उठलेच. सगळ्या वर्गाकडं वळून म्हणाले, “बघा! इतकं वाचूनही सत्य आपल्याला कळलेलं नाही, हे सांगायला धैर्य लागतं. हीच खरी जिज्ञासा!” मी आपली खाली बसले. प्रकरण अवघड होतं एवढंच मला म्हणायचं होतं. पुढं दोन वर्षं त्या सरांची मी लाडकी होते.

परत आले आणि शिकवायला लागले. एका वर्षी नेहमीप्रमाणं ज्ञानमीमांसेला सुरुवात केली. नाव भारदस्त आहे, पण प्रश्न साधा आहे. आपल्याला एखादी गोष्ट ठाऊक आहे असं आपण म्हणतो, ते कशाच्या जोरावर? मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘खरं म्हणजे काय?’ आणि वर्गाकडं वळले. सगळा वर्ग एका सुरात ओरडला, “खरं म्हंजे पण!”

मी हसले ते हसलेच. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. पैलवानसुद्धा जागा झाला आणि आग लागली का म्हणून विचारायला लागला. हसू ओसरल्यावर मात्र माझ्या मनात आलं, अरे, कार्टी बरोबर बोलली की! सगळ्या गावानं एखादी गोष्ट मान्य केलेली असते, माना डोलवून झालेल्या असतात, आणि कोपऱ्यातून कुणीतरी म्हणतं, “हाय, खरं…” आमचा विषय तिथून सुरू होतो. त्या वर्षी चाचणीत एकानं लिहिलं होतं, ‘ज्ञान म्हणजे विश्वास खरं तो तपासलेला पाहिजे.’ मी त्याला पैकीच्या पैकी गुण दिले. बाहेरच्या कुणी पेपर तपासला असता तर पोराचं वाटोळं झालं असतं.

त्याच वर्गात एक मुलगी होती. बाजारात त्यांचं भांड्यांचं दुकान. घराणं मूळचं कर्नाटकाच्या सीमेकडचं, शिवभक्त, घरात अर्धं कानडी आणि अर्धं मराठी. वडलांना ती अप्पा म्हणायची. कॉलेज सुटलं की दुकानात जाऊन भांड्यांवर नावं घालायच्या मशीनवर बसायची. लग्नाची भांडी असोत की वास्तुशांतीची, तिच्या हातचं नाव पाहिजे म्हणून बायका थांबून राहायच्या, इतकं तिचं अक्षर सुरेख. वर्गात बोलायची कमी. पण एकदा तास संपता संपता तिनं हात वर केला.

“मॅडम, मोडीत आलेल्या हंड्यावर कुणाचं तरी नाव असतंय. हंडा वितळला की ते नाव कुठं जातंय?”

पोरं खुसखुसली. मी मात्र खडू खाली ठेवला. तिला म्हटलं, “ह्याला सत्तामीमांसा म्हणतात. मुळात काय असतं, काय नुसतं दिसतं, आणि बदललेली वस्तू तीच राहते का, ह्याचा विचार.”

“नाव काय का असंना, मॅडम. उत्तर काय?”

“उत्तर मला माहीत नाही.”

तिचा चेहरा इतका खुलला की मला नवल वाटलं. मोठ्या माणसाला माहीत नसतं आणि ते तो सांगतो, हे तिनं बहुधा पहिल्यांदाच बघितलं असावं. त्यानंतर ती रोज काहीतरी विचारायला लागली. तिला पुढं बी.ए.लाही हाच विषय घ्यायचा होता. तसं ती मला म्हणाली तेव्हा मी घरी जाऊन शिरा केला. आमच्या विषयात इतका आनंद वारंवार मिळत नाही.

बारावीच्या ऑगस्टमध्ये एक दिवस तास संपल्यावर ती टेबलापाशी आली. “मी येतो मॅडम,” म्हणाली. आमच्याकडं मुलीसुद्धा येतो-जातोच म्हणतात.

“ये की,” म्हटलं मी.

“तसं न्हवं. कॉलेज सोडून येतो. अप्पा म्हणत्यात, सतरा नंबरचा फॉर्म भर आणि बारावी बाहेरनं दे. दुकानात माणूस पाहिजे.”

माझं डोकंच फिरलं. एवढी हुशार पोर, आणि तिला उचलून पातेल्यांच्या ढिगात बसवायची? बाहेरून बारावी झाली की पुढचं बी.ए. राहिलंच, हे कळायला तत्त्वज्ञान शिकावं लागत नाही. मी म्हटलं, “अप्पांना सांग, मॅडमनी बोलावलंय. फोन नको. समक्ष या म्हणावं.”

दुसऱ्या दिवशी अप्पा समक्ष आले. दणकट माणूस, कपाळावर विभूतीचे पट्टे, आणि आवाज असा की ऑफिसातले क्लार्क दारात येऊन उभे राहिले.

“त्या तर्कटाच्या बाई तुम्हीच व्हय?”

“तर्कशास्त्राच्या,” मी म्हटलं.

“तेच की!”

तर्कट म्हणजे नसती शंका काढून भांडण उकरायचं. दोन शब्दांत फरक काय हे सांगायला मी तोंड उघडणार, तोवर अप्पा सुटले. “पोरगी पयला गप हुती. आता जेवताना इचारती, अप्पा, हे तुम्हाला कशावरनं ठाव? गिऱ्हाईकासमोर इचारती! दुकानात भांड्यांवर नावं घालाय बसवली, तर ही मलाच नावं ठेवालीया. असलं काय शिकवता वो पोरास्नी?”

हसू येत होतं खरं राग त्याहून मोठा होता. बघा, रागात माझ्याही तोंडात ‘खरं’ येतं. मी म्हटलं, “काय शिकवते ते वर्गात येऊन बघा की. एक तास बसा. त्यावरही न्यावीशी वाटली तर खुशाल न्या. मी परत ब्र काढणार नाही.”

“बसतो की! कुणाला भ्यालोय का?”

दारात चपला काढून, वर्गाला नमस्कार करून ते आत शिरले आणि मागं पैलवानाशेजारी जाऊन बसले. बाक करकरला. मुलगी दुसऱ्या रांगेत मान खाली घालून बसली होती. आज तिचा निकाल आहे हे सगळ्या वर्गाला ठाऊक होतं, त्यामुळं कधी नव्हे ती शांतता.

मी टेबलावरचा पाण्याचा तांब्या उचलला. “हा पितळेचा आहे. कशावरून?”

पोरांनी उत्तरं द्यावीत असा माझा बेत होता. पण भांडं दिसल्यावर अप्पांच्यानं राहवेना. “आणा हिकडं!” तांब्या हातात घेऊन त्यांनी बोटाच्या पेरानं टिचकी मारली, कान लावला आणि जाहीर केलं, “अस्सल!”

पैलवान जागा होता, हे त्या दिवसाचं पहिलं आश्चर्य. तो म्हणाला, “काका, अस्सल हाय ते तुम्हाला दिसलं काय?”

“दिसाय कशाला पाहिजे? आवाजावरनं कळलं.”

“म्हंजे आवाज ऐकला, आणि पितळ तुमचं तुम्ही मनानं धरलं.”

“धरलं म्हंजे? कळलंच!”

“दुसऱ्या कशाचा आवाज तसलाच आला तर?”

अप्पांनी तांब्याकडं संशयानं बघितलं आणि आणखी एकदा टिचकी मारली. वर्ग हसला. मी फळ्यावर लिहिलं, आवाज ऐकला ते प्रत्यक्ष आणि त्यावरून पितळ ठरवलं ते अनुमान. अनुमान चुकू शकतं, आणि कधी चुकतं आणि कधी नाही हे तपासायचं शास्त्र म्हणजे तर्कशास्त्र. “तर्कट नव्हे,” असं मी मुद्दाम त्यांच्याकडं बघून म्हटलं.

“म्हंजे हे मी दुकानात रोज करालोय?” अप्पांच्या चेहऱ्यावर भलताच आनंद पसरला. शेजारच्या पैलवानाच्या पाठीत त्यांनी धपकन थाप मारली.

मग कुणाचाच धाक उरला नाही. पुढच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, “काका, गिऱ्हाईकानं विचारलं की हे पातेलं कसं हाय, तर काय सांगता?”

“एक नंबर!”

“आणि ते दुसरं?”

“तेबी एक नंबर!”

“मग दोन नंबरचा माल कुठं ठेवता?”

वर्ग डोक्यावर घ्यायचा तेवढा पोरांनी घेतला. अप्पा लालबुंद झाले. “आमच्यात दोन नंबर न्हाय! बाजारात कुणालाबी इचारा!” मला मध्ये पडावं लागलं. मी म्हटलं, अप्पा, तुमच्यावर आळ नाही. पण प्रश्न चांगला आहे आणि तो नीतिशास्त्राचा आहे. सगळ्याच मालाला एक नंबर म्हणणं हे खोटं बोलणं झालं का?

“आवं, गिऱ्हाईकबी चांगल्या भांड्याला नाक मुरडतंय, भाव पाडाय. त्येलाबी ठाव असतंय आणि मलाबी ठाव असतंय!”

“दोघांनाही ठाऊक असलं की खोटं हे खोटं राहत नाही?” मी विचारलं. त्यावर वर्गाचे दोन तट पडले. एक तट म्हणे फसवणूक झाल्याशिवाय खोटं होत नाही, दुसरा म्हणे तोंडातून गेलं ते गेलं. अप्पा दोन्ही बाजूंनी आलटून पालटून भांडत होते आणि स्वतःलाच खोडून काढत होते. एवढ्यात कुणीतरी नक्षीचा विषय काढला. साधा तांब्या आणि नक्षीचा तांब्या, पाणी तेच. मग नक्षीच्या तांब्यातलं पाणी काय गोड लागतंय?

“लागतंय!” अप्पा छातीवर हात ठेवून म्हणाले.

हे कुणालाच खोडता येईना. सौंदर्यशास्त्र म्हणून मी त्या वर्षी जे काही शिकवलं ते सगळं त्या एका शब्दात उरकलं, आणि मला वाईट वाटलं नाही.

तास संपत आला होता. अप्पा घामेजले होते, खुशीत होते, आणि त्यांच्या लेकीनं तासभर तोंड उघडलेलं नव्हतं. ते त्यांच्या आत्ता ध्यानात आलं. “आणि आमचीच का गप? घरात तर लई तोंड चालतंय. इचार की तूबी!”

ती उठली. बाकाची कड तिनं घट्ट धरून ठेवली होती.

“अप्पा, मला दुकानात बसवायचं ते माझ्या भल्यासाठी, की तुमच्या सोयीसाठी?”

भल्यासाठी, असं म्हणून सुटायला त्यांना कितीसा वेळ लागला असता? कुठल्याही आईबापानं तेच म्हटलं असतं, आम्ही सगळ्यांनी घरोघरी तेच ऐकलेलं होतं. अप्पांनी कपाळावर हात फिरवला. विभूती पुसली गेली.

“सोयीसाठी,” ते म्हणाले. एवढा मोठा आवाज कुठं गेला कोण जाणे. मग म्हणाले, “खरं…”

आम्ही सगळे वाट बघत राहिलो. आमच्याकडं ‘खरं’ आलं की मागून काहीतरी येतंच, ते आल्याशिवाय वाक्य पुरं होत नाही. अप्पांनी लेकीकडं बघितलं. मग उठून दारातल्या चपला पायात अडकवल्या आणि जिना उतरून गेले.

“मॅडम, पुढचं काय हुतं?” पैलवानानं विचारलं.

“मला काय विचारतोस? मी काय त्यांच्या पोटात शिरले होते?” मी त्याच्यावर खेकसले. पण आतून मी खूष होते, खोटं कशाला बोलू. माझ्या विद्यार्थिनीनं भर वर्गात नेमका प्रश्न विचारला होता आणि समोरून कबुली मिळाली होती. पोरगी कॉलेजात राहिली, असं मी धरून चालले.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मग मात्र माझा जीव वरखाली व्हायला लागला. स्कूटरवरून बावड्याला जाताना मी रोज त्या माणसाला मनातल्या मनात फैलावर घ्यायचे, आणि सिग्नलला शेजारचे लोक माझ्या हलणाऱ्या ओठांकडं बघायचे. हरलात तर कबूल करा ना, पोरीवर राग कशाला काढता! वर्गात तिची जागा मोकळी ठेवली होती. तिथं कुणी दप्तर जरी ठेवलं तरी मी ओरडायचे.

पुढच्या आठवड्यात ती आली. तास सुरू व्हायच्या आधी, मी एकटी फळा पुसत होते तेव्हा. डोळे सुजलेले, पण खांद्यावर कॉलेजची बॅग. मी काही विचारायच्या आत तीच बोलायला लागली.

“मॅडम, माझा प्रश्नच चुकला.”

“चुकला? अगं, तसला प्रश्न वर्गात आजवर कुणी विचारला नव्हता.”

“चुकला. भलं, न्हायतर सोय. दोनच पर्याय ठेवलतो मी. तिसरं काय असंल हे धरलंच न्हाय. तुम्हीच शिकवलाय की हा दोष.”

शिकवला होता. खोटा पेच म्हणतात त्याला. दोनच वाटा दाखवायच्या आणि ह्यातली कुठली बोल म्हणून माणसाला अडवायचं, तिसरी वाट असली तरी. वर्गात त्या दिवशी तो कुणाच्याच लक्षात आला नव्हता.

“इतकं दिस अप्पा धड बोललेच न्हाईत. मीबी रागानं घरातच बसलतो,” ती सांगत होती. “काल दुकानात गेलो तर भांडी पुसता पुसता म्हणाले, ‘भल्यासाठी म्हणालो असतो तर ते खोटं झालं असतं, म्हणून सोय म्हणालो. खरं तेबी न्हवं. कामाला माणसं काय कमी हायती? तू मशीनवर बसलीस आणि ते घर्र वाजाय लागलं की मला करमतंय. तू न्हाईस त्या दिवशी दुकान खायला उठतंय.’ वर्गात पोरांसमोर हे कसं बोलायचं म्हणून उठून आले म्हणे.”

गेला आठवडाभर मी ज्याला शिव्या घालत होते त्या माणसाला एवढंसं बोलायला इतके दिवस लागले होते, आणि मला भर दुपारी रडायला येत होतं. लेकीशिवाय करमत नाही हे कुठल्या मीमांसेत बसवायचं, हे मला त्या क्षणी सांगता आलं नसतं.

“मग आता?” मी विचारलं.

“कॉलेजला जा म्हणाले. बी.ए.बी कर म्हणाले.”

“आणि अप्पा?”

तिनं बॅग बाकावर ठेवली आणि तोंड फिरवून डोळे पुसले.

“मीबी तेच इचारलो, मॅडम. म्हणाले, ‘तू तुझं शिक. मी एकट्यानं दुकानात बसायचं शिकतो.’”